दोन वाक्यांचा नट

मी राहत होते ती मागची खोली आता नाही. तिथे दोन गाड्या मावतील असं गॅरेज झालंय. गेल्या महिन्यात ऑफिसच्या कामासाठी जॉर्जियातल्या अल्फारेटाहून कॅलिफोर्नियात सांता क्लाराला आले होते. शेवटची मीटिंग कॅन्सल झाली, भाड्याची गाडी हाताशी होती, म्हणून डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या छोट्या गावाकडे वळले. शिकत असताना मी तिथे राहिले होते. गल्ली तीच होती. निलगिरीचा वासही तोच, सर्दीवर चोळायच्या औषधासारखा, उन्हं तापली की जास्त उग्र. अंगणातलं संत्र्याचं झाड मात्र कुणीतरी तोडलं होतं.

त्या झाडाची संत्री कडू होती. कुणी तोंडात धरली नसती अशी. पण हिवाळा सरता सरता वेराबाई ती सगळी उतरवायच्या, सालांच्या बारीक पट्ट्या कापायच्या आणि मोठ्या पातेल्यात साखरेबरोबर मार्मालेडसाठी शिजत ठेवायच्या. मग दोन दिवस घरभर, माझ्या खोलीपर्यंत, कडूगोड वास. माझ्या स्वेटरला तो वास लागायचा आणि लॅबमधल्या मुली विचारायच्या, "काय लावलंयस?"

वेरा टिंडल म्हणजे माझ्या घरमालकीण. सत्तरी कधीच ओलांडलेली, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. सगळं गाव त्यांना नुसतं वेरा म्हणायचं. मला ते जमेना. मी मनात त्यांना वेराबाई म्हणायचे आणि तोंडाने काहीच न म्हणता एकदम बोलायला सुरुवात करायचे. त्यांना ती माझी लकब वाटायची.

माझ्या खोलीत एक उंच लाकडी कपाट होतं. ते उघडलं की राळेचा वास यायचा, देवासमोर धूप जाळल्यासारखा. पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, तर वेराबाई म्हणाल्या, "तो डिंक आहे. खोट्या दाढ्यामिशा चिकटवायचा. या खोलीत शेवटची काही वर्षं माझे वडील राहत होते. ते नट होते."

"सिनेमात?"

"सिनेमात. पण तू पाहिलं असशील तरी तुला आठवणार नाहीत. त्यांचं कामच तसं होतं."

मग मार्मालेडची सालं कापताना, कपडे वाळत घालताना, कधी मला युनिव्हर्सिटीत सोडायला गाडी ड्राइव्ह करताना त्या होरेस टिंडलबद्दल तुकड्यातुकड्यांनी सांगत राहिल्या. ते इंग्लंडहून एका फिरत्या नाटक कंपनीबरोबर न्यूयॉर्कला आले. कंपनी मोडली, हे राहिले. तेव्हा सिनेमा मुका होता. आगगाडीत पाच दिवस बसून ते कॅलिफोर्नियात आले, कारण कुणीतरी सांगितलं होतं की तिथे घोड्यावरून पडायचे सुद्धा पैसे देतात. ते घोड्यावरून पडले. बोटीतून पडले. प्रेत म्हणून पडून राहिले, आणि नाकावर माशी बसली तरी हलले नाहीत म्हणून दिग्दर्शकाने त्यांना पुन्हा बोलावलं.

मग सिनेमा बोलू लागला. पुष्कळ देखण्या लोकांची कामं गेली, पण होरेस टिंडलना कामं मिळाली, कारण त्यांचा आवाज. "घंटेच्या आत कापड कोंबल्यासारखा," वेराबाई म्हणायच्या. त्या आवाजात ते बटलर झाले, कर्नल झाले, न्यायाधीश, जहाजावरचे डॉक्टर, मृत्युपत्र वाचणारे वकील. प्रत्येक सिनेमात मिनिट-दोन मिनिटं. दोन वाक्यं आणि हातात एक ट्रे. बहुतेक वेळा नावांच्या यादीत नावही नाही.

पण त्या दोन वाक्यांची तयारी घरात आठवडाभर चालायची. बैठकीचं दार उघडायचं, आत यायचं, "गाडी आली आहे, सर" म्हणायचं, दार ओढून घ्यायचं. पुन्हा. बुटांचा आवाज होता कामा नये. बटलर आत आला हे तो बोलेपर्यंत कुणाला कळता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. लहानगी वेरा सोफ्यावर बसून घरमालक व्हायची आणि प्रत्येक वेळी म्हणायची, "ठीक आहे, थांबायला सांगा." पांढरे हातमोजे रात्री साबणात भिजायचे आणि सकाळी दोरीवर लटकायचे. त्यांना पाहून शेजारची मुलं म्हणायची, तुमच्याकडे भूत हात वाळत घालतं.

उन्हाचं त्यांना वावडं होतं. कॅलिफोर्नियात राहून बाराही महिने टोपी, लांब बाह्या. इतर इंग्लिश नट रविवारी क्रिकेट खेळायला जमत. हे जायचे नाहीत. त्याऐवजी मुलांना घेऊन रेल्वेच्या फाटकावर जायचे. मालगाडी येताना ते डोळे मिटून उभे राहायचे आणि इंजिनाच्या आवाजावरून सांगायचे की गाडी चढावर दमलीय की रिकामी आहे. असं कुठे शिकलात, म्हटलं की इंग्लंडमधल्या आपल्या मुलखाचं नाव घेऊन म्हणायचे, "डॉर्सेटमध्ये सगळ्यांना येतं."

हे सगळं मी वर्षभर ऐकलं. एक गोष्ट मात्र वेराबाईंनी सांगितली नव्हती.

ती कळली मी पास झाले त्या उन्हाळ्यात. पदवीदानासाठी आई नाशिकहून आली होती आणि सहा आठवडे माझ्याबरोबर त्या मागच्या खोलीत राहिली. बाबा जाऊन तेव्हा बराच काळ झाला होता आणि ती पहिल्यांदाच विमानात बसली होती. तिला इंग्लिश वाचता यायचं, बोलताना मात्र शब्द घशात अडायचे. वेराबाईंना मराठी येण्याचा प्रश्नच नव्हता. तरी दोघींचं जमलं. आईने कुकर लावला आणि पहिली शिट्टी झाली तेव्हा वेराबाई बागेतून धावत आल्या, हातात पाण्याची नळी तशीच. दुसऱ्या दिवशी त्या शिट्ट्या मोजायला आत येऊन बसल्या. आईने त्यांच्या कडू संत्र्यांच्या मार्मालेडमध्ये लवंग टाकून पाहिली. दुपारी पाहावं तर एक मराठीत बोलतेय, एक इंग्लिशमध्ये, आणि मटारच्या शेंगा सोलून होताहेत.

जूनच्या सुरुवातीला डॅन आला. गावातलं जुनं थिएटर हा माणूस जिवापाड सांभाळायचा, उन्हाळ्यात दर रविवारी दुपारी जुने सिनेमे लावायचा. त्याला होरेस टिंडल यांचा एक सिनेमा मिळाला होता. त्यात त्यांना चक्क मोठं काम होतं. सुरू होण्याआधी वेराने दोन शब्द बोलावेत, अशी त्याची इच्छा होती.

वेराबाईंनी त्याला चहा दिला नाही. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "मी तुला बटलर सांगितले, कर्नल सांगितले. हे नाही सांगितलं. ते हिंदूही व्हायचे. फकीर, राजाचा दुष्ट प्रधान, असलं काय काय. तोंडाला तपकिरी रंग फासून. या सिनेमात पुजारी आहेत. माझ्या घरात तू आहेस, तुझी आई आहे. मला लाज वाटते."

मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "लाज कसली? पोटासाठी केलं माणसाने. आणि आपल्याकडच्या सिनेमातले गोरे साहेब काय खरे असतात? त्यांना म्हणावं, आम्हाला पाहायचंय."

थिएटरात लोण्याचा आणि जुन्या मखमलीचा वास होता. तीसेक माणसं असतील. वेराबाई पडद्यासमोर उभ्या राहिल्या, निळ्या ड्रेसमध्ये, पर्स दोन्ही हातांनी धरून. "या सिनेमात माझे वडील आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांच्या तोंडाला रंग लावलाय. त्याचं मला वाईट वाटतं. पाहा आता." आणि येऊन आमच्या शेजारी बसल्या.

सिनेमा जंगलाचा होता. पुठ्ठ्याचं देऊळ, डोळ्यांत दिवे असलेली मूर्ती, हरवलेला हिरा. गोरा हीरो खांबाला बांधलेला. मग धुरातून होरेस टिंडल आले. उंच, बारीक, डोक्याला फेटा, कपाळावर भलतंच गंध. ते आले हे ते बोलेपर्यंत खरंच कळलं नाही. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि त्या घंटेसारख्या आवाजात, एकेक अक्षर ताणत, मूर्तीकडे पाहून मंत्र सुरू केला. मला ती अर्थहीन गुरगुर वाटली. मागचे लोक हसले, जुन्या सिनेमाला हसतात तसे.

आई एकदम पुढे सरकली. माझा दंड धरला. मंत्र दुसऱ्यांदा झाला, हीरोच्या छातीवर सुरा रोखून. आणि आई खळखळून हसली. साऱ्या थिएटरात घुमेल असं.

"अगं, ऐक ना," ती माझ्या कानाशी म्हणाली. "कथा गयथा रे? पाय धुई ले, जेवाले चाल. भाकर थंडी व्हई गई. हे म्हणतोय तो!"

आईचं माहेर चाळीसगाव. शाळेपासून ती नाशिकला, पण तिची आजी अहिराणीच बोलायची, आणि मामा लोक आले की आईची जीभ आपोआप त्या वळणावर जायची. मी ती भाषा कधी नीट शिकलेच नाही. पण आता तिसऱ्यांदा मंत्र आला तेव्हा मलाही ऐकू आलं. कुठे गेला होतास रे? पाय धुऊन घे, जेवायला चल. भाकरी थंड झाली. पडद्यावर आग भडकली, दुष्ट पुजारी मूर्तीखाली सापडून मेला, हीरो सुटला. आईने डोळे पुसले. ते हसून आलेलं पाणी होतं, पण ती बराच वेळ पुसत राहिली.

बाहेर फूटपाथवर लख्ख ऊन होतं. वेराबाईंचा चेहरा ताठ झाला होता.

"तुझी आई हसली," त्या म्हणाल्या. "हसण्यासारखंच आहे ते. मला कळतं."

"नाही, ती त्याला नाही हसली," मी म्हटलं, आणि सांगितलं.

त्यांनी मान हलवली. "ते खरे शब्द नाहीत. दिग्दर्शकाने सांगितलं होतं, काहीतरी मंत्रासारखं बडबडा. वडिलांनी तिथल्या तिथे रचलं. ते स्वतः सांगायचे. मी आणि माझा भाऊ लहानपणी तेच ओरडत अंगणात एकमेकांना पकडायचो." आणि तिथे, पॉपकॉर्नची पिशवी धरून उभ्या असलेल्या लोकांमध्ये, त्यांनी ते म्हणून दाखवलं. अमेरिकन जिभेवर शब्द गोल गोल झाले होते. पण क्रम तोच, हेल तोच, शेवटची हाक ओढलेली.

आई त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "येते हो, येते. पाय धुते आधी."

मी भाषांतर केलं. घरापर्यंत आम्ही तिघी चालत आलो आणि वेराबाई सरळ आपल्या खोलीत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा टेबलावर होरेस टिंडलचा एक फोटो होता. रंगाशिवाय, टोपीशिवाय. आई त्याच्याकडे चष्मा लावून पाहत होती.

"मेकअपवाला त्यांना म्हणायचा, होरेस, तुला रंगाचा एकच हात पुरतो," वेराबाई म्हणाल्या. "ते घरी येऊन हा विनोद म्हणून सांगायचे." चहाच्या किटलीवरचा लोकरीचा टोप त्या नीट करत राहिल्या. "मी एकदा डॉर्सेटला गेले होते. ते गेल्यानंतर. त्यांनी सांगितलेलं गाव सापडलं, सुंदर होतं. टिंडल कुणाला माहीत नव्हते."

पाय धू, जेवायला चल म्हणणारी ती बाई कोण असेल, असं वेराबाईंनी विचारलं. मी प्रश्न आईला मराठीत सांगितला, आणि ती मोठ्याने विचार करत राहिली. "रेल्वेच्या कॉलनीतला असेल पोरगा. भुसावळ, चाळीसगाव, त्या लाइनीवर गोऱ्या ड्रायव्हरांची वस्ती असायची म्हणे. पण साहेबाच्या पोराला नोकर बाई असं बोलेल का? 'कथा गयथा रे' म्हणेल? पाय धू म्हणून दटावेल? मला नाही वाटत. आता लहान पोराला कुणी म्हणेलही. नक्की कसं सांगू?"

मी सगळं सांगितलं, 'नक्की कसं सांगू' सकट.

वेराबाईंनी कप खाली ठेवला. मग त्यांनी हॉस्पिटलमधलं सांगितलं. हे त्यांनी भावालाही सांगितलं नव्हतं म्हणे.

"शेवटचे तीन दिवस ते शुद्धीत होते नव्हते. एकच शब्द बोलायचे. 'आय'. मी. 'आय', आणि थांबायचे. परत 'आय'. मला वाटायचं, त्यांना काहीतरी सांगायचंय आणि पुढचं वाक्य आठवत नाही. आयुष्यभर दोन दोन वाक्यं चोख पाठ केली त्यांनी, आणि आता स्वतःचं वाक्य सापडत नाही. मी लहानपणी त्यांच्या संवादांचा कागद धरून बसायचे ना, तशी बसले. म्हणत राहिले, आय काय, डॅडी? पुढे काय? ते माझ्याकडे पाहायचे आणि पुन्हा तेच. वाक्य पूर्ण न करताच गेले. इतकी वर्षं मी त्याचे शेवट जुळवतेय. मी चुकलो. मी दमलो. मी तुझ्यावर प्रेम केलं. एकही बरोबर बसत नाही."

"काय म्हणतात गं?" आईने विचारलं.

मी सांगायला लागले. 'आय'पर्यंत आले आणि माझाच आवाज थांबला. आईने माझ्याकडे पाहिलं. चहासाठी सोलायला घेतलेली वेलची तिच्या हातात तशीच राहिली.

"आमच्याकडे आईला कुणी माय म्हणतं, कुणी आय," ती सावकाश म्हणाली. "त्यांना सांग. ते वाक्य अर्धं नव्हतं. वाक्य पूर्ण होतं."

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. फ्रिजची घरघर चालू होती, बाहेर शेजाऱ्यांचं स्प्रिंकलर टक टक फिरत होतं, एवढं आठवतं.

वेराबाईंनी आईकडे वळून म्हटलं, "से इट."

"आय," आई म्हणाली.

"अगेन."

"आय."

वेराबाईंनी डोळे मिटले. "हेच," त्या म्हणाल्या. मग उठल्या, सिंकपाशी गेल्या, आधीच धुतलेला कप पुन्हा धुऊ लागल्या. आई गेली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. नळ बराच वेळ वाहत होता. कुणीच बंद केला नाही.

त्या आठवड्यात मी सनीव्हेलच्या दुकानातून ज्वारीचं पीठ आणलं. आई म्हणाली, पीठ जुनं आहे, भाकरी फाटणार. फाटली. विजेच्या शेगडीवर ती फुगेना, खोलीत करपल्याचा वास, छतावरचा अलार्म दोनदा बोंबलला. जेवायला हाक मारली तर वेराबाई दिसेनात. पाहिलं तर त्या अंगणात खुर्चीवर बसून, बूट-मोजे काढून, नळीने पाय धूत होत्या. ओल्या पायांनी आत आल्या, लाकडी फरशीवर ठसे उमटवत. ठेच्याने डोळ्यांतून पाणी आलं तरी भाकरी संपवली.

पुढच्या रविवारी डॅनने तोच सिनेमा पुन्हा लावला. वेराबाईंनी स्वतःहून बोलायचं म्हटलं. पुन्हा तोच निळा ड्रेस.

"मागच्या वेळी मी रंगाबद्दल बोलले. रंगाचं मला अजून वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "पण शब्दांवर हसू नका. शब्द खरे आहेत. लहानपणी त्यांना कुणीतरी जेवायला हाक मारायचं, ती हाक आहे. त्यांनी ती आम्हाला सांगितली नाही. पण दिग्दर्शक म्हणाला काहीही बोल, तेव्हा त्यांच्या तोंडात तेवढंच आलं." मग त्यांनी अर्थ सांगितला. धुरातून पुजारी आला तेव्हा थिएटरात कुणी हसलं नाही. एका बाईच्या मांडीवरचं बाळ तेवढं काहीतरी बोललं.

जुलैमध्ये आई परत गेली. विमानतळावर दोघींनी एकमेकींना मिठी मारली, आपापल्या भाषेत बोलत. नंतर माझी नोकरी, लग्न, जॉर्जिया. वेराबाईंचा वर्षातून एक-दोनदा फोन यायचा. एकदा म्हणाल्या, "वडिलांच्या थडग्याच्या दगडावरचं डॉर्सेट काढून घेतलं."

"मग तिथे काय लिहिलंत?"

"काही नाही. मी भूगोलाची मास्तरीण आहे, माहीत नसलेलं गाव कसं लिहू? पण चुकीचं होतं ते तरी गेलं."

आई गेली तेव्हा मी अल्फारेटात होते. नाशिकला पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. वर्षभराने वेराबाई गेल्या, ते डॅनकडून कळलं.

गॅरेज पाहून झाल्यावर मी टेकडीवरच्या दफनभूमीत गेले. तिथे दगड उभे नाहीत, गवतात सपाट बसवलेले आहेत. शोधायला वेळ लागला. वेराबाईंचा नवा, स्वच्छ. शेजारी त्यांच्या वडिलांचा. होरेस टिंडल. खाली एकच शब्द, नट. त्याच्याखाली घासून गुळगुळीत केलेला पट्टा, बोटभर रुंद, बाकीच्या दगडापेक्षा फिकट. मी त्यावर हात ठेवला. उन्हाने गरम होता.

गवत कापणारा म्हातारा माळी मशीन बंद करून जवळ आला. टोपी काढून त्याने विचारलं, "फॅमिली?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्या आईच्या गावाकडचे."

त्याने समजल्यासारखी मान हलवली आणि मी तिथे असेपर्यंत मशीन पुन्हा सुरू केलं नाही.